सावित्रीबाई फुले : तीन पत्रे, दोन काव्यसंग्रह आणि हस्तलिखितांचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील दोन कवयित्री अवघ्या चोवीस दिवसांच्या अंतराने जन्माला आल्या. एमिली डिकिन्सन हिचा जन्म १० डिसेंबर १८३० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अ‍ॅमहर्स्ट या गावी झाला आणि सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. पहिली सुखवस्तू वकिलाची कन्या; उत्तरायुष्यात तिने घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. दुसरी खंडोजी नेवसे पाटलांची लेक. वयाच्या नवव्या वर्षी विवाह होऊन पुण्यात आली आणि सतराव्या वर्षी उंबरठा ओलांडून जी बाहेर पडली ती अखेरपर्यंत परत आत गेलीच नाही. दोघींचे लेखन मात्र सारख्याच प्रश्नापाशी येऊन थांबते. कवीच्या पश्चात त्याचे कागद कोणाच्या हाती पडतात आणि त्यांचे पुढे काय होते, हा तो प्रश्न होय.

नांदेड, लातूर परिसरातील महाविद्यालयांत डिकिन्सन इंग्रजी विभागात शिकविली जाते. सावित्रीबाई मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा अनेक विभागांत विखुरलेल्या आहेत. आणि खरे सांगावयाचे तर, त्या विद्यार्थ्यांना अधिक भेटतात त्या ३ जानेवारीच्या जयंतीच्या भाषणांतून. भाषणांत शेण-दगडांचा मारा, पहिली शाळा, पहिली शिक्षिका हे सर्व येते. त्यांनी काय लिहिले आणि ते आपल्यापर्यंत कसे पोहोचले, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात सावित्रीबाईंच्या पत्रांचा व कवितांचा विचार याच अंगाने करावयाचा आहे. डिकिन्सनचा संदर्भ येईल तो तुलनेने लहान-मोठे ठरविण्यासाठी नव्हे, तर संहिता जपली जाते म्हणजे नेमके काय घडते हे स्पष्ट व्हावे म्हणून.

जीवनपट

चरित्राचा तपशील सर्वपरिचित असल्याने येथे मोजकाच पुरे. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह, घरीच अक्षरओळख, पुढे अध्यापनाचे शिक्षण आणि १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा. १८५२ पर्यंत शाळांची संख्या वाढली आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेला सत्यशोधक समाज, या प्रत्येक टप्प्यावर सावित्रीबाई आहेत. १८९३ च्या सासवड येथील सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंढव्याहून एका आजारी मुलाला उचलून दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

समकालीनांनी त्यांच्याविषयी लिहिले नाही असे नाही. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी मुलींच्या शाळेत आपण व आपल्या पत्नीने अनेक वर्षे मिळून काम केल्याचे नमूद केले आहे. मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९० रोजी बडोद्याला लिहिलेल्या पत्रात तर सावित्रीबाईंचे श्रेय जोतीरावांपेक्षाही अधिक असल्याचा अभिप्राय दिला आहे. आजारी जोतीरावांसाठी सयाजीराव महाराजांकडून आर्थिक साहाय्य मिळावे म्हणून लिहिलेले ते पत्र आहे. साहाय्य मागताना पतीऐवजी पत्नीचे गुण पुढे करावेसे वाटले, यावरूनच त्या अभिप्रायाचे वजन लक्षात यावे.

‘काव्यफुले’ आणि ‘बावन्नकशी’

सावित्रीबाईंचा पहिला संग्रह ‘काव्यफुले’ १८५४ चा. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. संग्रहात ४१ रचना आहेत आणि त्यांचे स्वरूप एकजिनसी नाही. ‘पिवळा चाफा’, ‘जाईचे फूल’, ‘गुलाबाचे फूल’, ‘फुलपाखरू व फुलाची कळी’ अशा निसर्गविषयक रचनांच्या शेजारी ‘शूद्रांचे दुखणे’, ‘मनु म्हणे’, ‘इंग्रजी शिका’, ‘तयास मानव म्हणावे का?’ अशा सरळ सामाजिक रचना आहेत. समीक्षकांचे लक्ष स्वाभाविकपणे दुसऱ्या गटाकडे गेले. त्यामुळे पहिला गट काहीसा उपेक्षित राहिला, आणि ती उपेक्षा योग्य नव्हे. फुलाकडे देवपूजेचे साहित्य म्हणून न पाहता स्वतंत्र अस्तित्व म्हणून पाहणे, त्याचा रंग, गंध, उमलणे आणि कोमेजणे टिपणे, ही दृष्टी १८५४ च्या मराठी पद्यात सहज आढळणारी नव्हती. योगायोग असा की, डिकिन्सनने शाळकरी वयात ४२४ वनस्पतींचे नमुने वाळवून चिकटवलेली वही तयार केली होती आणि ती आजही हार्वर्ड विद्यापीठात जपून ठेवलेली आहे.

जोतीरावांच्या निधनानंतर लिहिलेला ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हा दुसरा संग्रह वेगळ्या जातीचा आहे. नावात श्लेष आहे: कडवी बावन्न, आणि बावन्नकशी म्हणजे अस्सल सोने. पतीच्या मृत्यूनंतरचे हे लेखन विलापाचे असेल अशी अपेक्षा असते; प्रत्यक्षात येथे देशाचा इतिहास, शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि जोतीरावांचे कार्य यांची मांडणी आहे. याखेरीज जोतीरावांच्या भाषणांचे संपादन आणि स्वतःची भाषणे हा गद्य भागही त्यांच्या नावावर आहे. उद्योग, विद्यादान, सदाचरण, व्यसने, कर्ज हे त्यांच्या भाषणांचे विषय. कर्जावर १८९० च्या दशकात एक स्त्री बोलते, ही गोष्ट शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा रोज ऐकणाऱ्या मराठवाड्यात तरी नजरेतून सुटू नये.

येथे एक मुद्दा आवर्जून मांडावयास हवा. आधुनिक मराठी कवितेचा इतिहास रूढ पद्धतीने केशवसुतांपासून सुरू केला जातो. केशवसुतांचा जन्म १८६६ चा. म्हणजे ‘काव्यफुले’ त्यापूर्वी बारा वर्षे. याचा अर्थ सावित्रीबाई ‘आधुनिक कवितेच्या जननी’ ठरतात असा घाईने काढू नये. केशवसुतांनी जे केले ते काव्यरूपाच्या पातळीवरचे बंड होते. सावित्रीबाईंची रचना बहुतांशी परंपरागत ओवी, अभंग, वृत्ते यांच्या चौकटीत आहे. परंतु इतिहासकारांनी त्यांचा विचार करून मग त्यांना बाजूस ठेवले असेही झालेले नाही. विचार करण्यासाठी संहिताच समोर नव्हती. गुणवत्तेवरून वगळला गेलेला कवी आणि उपलब्धतेच्या अभावी वगळला गेलेला कवी यांत फरक आहे, आणि सावित्रीबाई निःसंशय दुसऱ्या प्रकारात मोडतात.

तीन पत्रे

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत: १० ऑक्टोबर १८५६ (नायगाव), २९ ऑगस्ट १८६८ (नायगाव) आणि २० एप्रिल १८७७ (ओतूर, जुन्नर). एकवीस वर्षांच्या काळातील केवळ तीन पत्रे. तथापि मराठी स्त्रीच्या पत्रलेखनाच्या इतिहासात यांच्या तोडीचे फारसे काही नाही. पतीच्या नावामागे मायन्यात सत्याशी नाते सांगणारे विशेषण येते, रिवाजाप्रमाणे नमस्कार येतो आणि लगेच पत्र कामाला लागते. घरातील विचारपूस दोन ओळींची. उरलेला मजकूर सार्वजनिक कार्याचा अहवाल. पतिपत्नींमधील पत्र हे दोन कार्यकर्त्यांमधील पत्र होऊन जाते आणि तरीही जिव्हाळा कमी होत नाही.

पहिले पत्र आजारपणातले आहे. विश्रांतीसाठी माहेरी आलेल्या सावित्रीबाईंना भाऊ बोल लावतो: महार-मांगांसाठी काम करून तुम्ही नवरा-बायको बहिष्कृत झालात, कुळाला बट्टा लावलात. सावित्रीबाई भावाला उलट विचारतात की, गाई-शेळ्यांना तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस आणि आपल्यासारख्याच माणसाचा विटाळ मानतोस, हे कसे? या युक्तिवादाची ताकद त्याच्या घरगुतीपणात आहे. त्यात शास्त्राधार नाही, इंग्रजी विचारवंतांची नावे नाहीत. खेड्यातल्या भावाच्या रोजच्या व्यवहारातूनच त्याला निरुत्तर केले आहे. याच पत्राच्या सुरुवातीकडे फातिमाचा उल्लेख येतो. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. हा ओझरता उल्लेख पुढे किती महत्त्वाचा ठरला ते खाली पाहू.

दुसरे पत्र एखाद्या कथेसारखे वाचले जाते. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमते. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे उघड होते. गावकरी दोघांना मारत, ओढत वेशीकडे नेतात, उद्देश जिवे मारण्याचा. सावित्रीबाई धावत जातात, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालतात आणि दोघांचे प्राण वाचवितात. गाव सोडण्याची अट दोघांनी मान्य केल्यावर त्या त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवितात. पत्रात नीतीचे प्रवचन नाही. प्रेम योग्य की अयोग्य याची चर्चा नाही. दोन जीव वाचले पाहिजेत, इतकेच. आंतरजातीय विवाह केलेल्या मुलामुलींना मारल्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागणाऱ्या समाजात हे पत्र शिकवताना वर्गात जी शांतता पसरेल, तिचा अर्थ अध्यापकाला वेगळा सांगावा लागणार नाही.

तिसरे पत्र १८७६-७७ च्या दुष्काळाचे. जनावरे मरून पडत आहेत, पाणी नाही, माणसे गावे सोडून जात आहेत, झाडांचा पाला खात आहेत. आणि सावकार या संकटाचा फायदा उठवीत आहेत. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांना अटक होते, तेव्हा सावित्रीबाई कलेक्टरला भेटून त्यांची बाजू मांडतात. कार्यकर्ते सुटतात आणि कलेक्टर ज्वारीच्या गाड्याही पाठवितो. या पत्राचे लातूरकर वाचकाशी निराळे नाते जुळावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात दुष्काळाचे वर्णन परके वाटण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यातील मराठवाडाही त्या दुष्काळाच्या छायेत होता, परंतु येथील एखाद्या स्त्रीने त्या वर्षी लिहिलेले असे पत्र अभ्यासकांच्या हाती नाही. येथे बाईचा शब्द टिकला तो जात्यावरच्या ओवीत, कागदावर नव्हे.

संहितेचा प्रश्न

डिकिन्सनचे निधन १५ मे १८८६ रोजी झाले. जिवंतपणी तिच्या जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या होत्या. मृत्यूनंतर धाकटी बहीण लव्हीनिया हिला खोलीत हाताने शिवलेल्या चाळीस वह्या आणि सुट्या कागदांचा ढीग सापडला. एमिलीला इतरांकडून आलेली पत्रे मात्र तिने, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, जाळून टाकली. पहिली आवृत्ती नोव्हेंबर १८९० मध्ये निघाली (याच महिन्यात पुण्यात जोतीरावांचे निधन झाले). संपादकांनी कवितांना शीर्षके दिली, यमके सुधारली आणि कवयित्रीच्या आवडत्या आडव्या रेघा काढून तेथे नेहमीची विरामचिन्हे घातली. हे सर्व सद्‌भावनेने केले होते. पुढे दोन घराण्यांच्या भांडणात कागद वाटले गेले आणि एक पेटी कित्येक वर्षे कुलूपबंद राहिली. टॉमस जॉन्सन यांची १७७५ कवितांची चिकित्सक आवृत्ती १९५५ मध्ये आली. राल्फ फ्रँकलिन यांनी १९८१ मध्ये वह्यांच्या छायाप्रती प्रसिद्ध केल्या आणि १९९८ मध्ये १७८९ कवितांची आवृत्ती काढली. पत्रांची २०२४ ची आवृत्ती १३०४ पत्रांची आहे. आज मूळ कागद संगणकाच्या पडद्यावर पाहता येतो आणि कोणती रेघ कवयित्रीची, कोणती संपादकाची, हे वाचक स्वतः ठरवू शकतो.

याउलट मराठी अध्यापकाच्या हाती पडते ते डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’. या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ १९६९ मध्ये आले होते. सावित्रीबाईंचा खंड येण्यास आणखी एकोणीस वर्षे लागली. माळी यांनी तो सिद्ध केला नसता तर जयंतीच्या भाषणांपलीकडे फारसे काही हाती नसते. मात्र मुद्रित पाठ म्हणजे हस्तलिखित नव्हे. त्या काळातील खाजगी पत्रव्यवहार सामान्यतः मोडी लिपीत होत असे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, विरामचिन्हे नाहीत. अशा लिपीतील मजकूर देवनागरीत उतरविणारा प्रत्येक हात काही ना काही निर्णय घेत असतो: वाक्य कोठे संपले, परिच्छेद कोठे फुटला, शब्दाचे रूप कोणते. डिकिन्सनच्या रेघांवर शतकभर वाद झाला, आणि आपण मात्र छापील पूर्णविरामावर विसंबून सावित्रीबाईंच्या ‘वाक्यरचनेचे विशेष’ सांगतो, ही विसंगती ध्यानात घ्यावयास हवी.

हा वाद केवळ पाठचिकित्सकांच्या करमणुकीचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर असा दावा केला की, फातिमा शेख ही व्यक्ती आपणच निर्माण केलेली काल्पनिक व्यक्ती आहे. उत्तर देणाऱ्या अभ्यासकांनी लगेच बोट ठेवले ते १८५६ च्या पत्रावर आणि ते १९८८ मध्येच छापले गेले होते या वस्तुस्थितीवर. दावा तेथेच कोसळला. एका स्त्रीचे अस्तित्व नाकारले गेल्यावर दुसऱ्या स्त्रीने आजारपणात सहज लिहिलेले वाक्य साक्षीला उभे राहिले. पुरावा म्हणून पत्राचे मोल यापेक्षा स्पष्ट दाखविणारे उदाहरण अलीकडे घडलेले नाही. त्याचबरोबर हेही खरे की, असा पुरावा जितका नाजूक तितकी त्याच्या मूळ कागदाची, नकलेची आणि मुद्रणाची साखळी नीट नोंदलेली असणे अगत्याचे.

अंतर्गत पुराव्याचा आधार येथे बराच घेता येतो. डिकिन्सनने कवितांवर तारखा घातल्या नाहीत. तिच्या हस्ताक्षरातील बदलांवरून त्यांचा काळ ठरवावा लागला. सावित्रीबाईंच्या पत्रांवर तारीख व स्थळ आहे, आणि ती बाहेरच्या घटनांशी ताडून पाहता येतात. १८६८ च्या पत्रातील निर्भयता आणि त्याच वर्षी खुला झालेला हौद एकाच भूमिकेतून आलेले आहेत. २० एप्रिल १८७७ च्या पत्रानंतर महिन्याभरातच, मे १८७७ मध्ये, जोतीरावांनी दुष्काळग्रस्त मुलांच्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी मदतीचे आवाहन केले. ओतूरहून आलेला वृत्तान्त आणि पुण्याहून निघालेले आवाहन शेजारी ठेवून वाचले की दोहोंचाही अर्थ वाढतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून असे ताडून पाहण्याचे काम करून घेणे अवघड नाही; ‘सावित्रीबाईंचे सामाजिक कार्य’ या विषयावर पुन्हा एकदा तेच प्रकल्प लिहून घेण्यापेक्षा ते निश्चितच उपयुक्त ठरेल.

कागद का पांगले?

लव्हीनियाजवळ घर होते, पैसा होता आणि बहिणीचे कागद म्हणजे काहीतरी मोलाचे आहे ही जाणीव होती. सावित्रीबाईंच्या पश्चात यांपैकी काहीच टिकले नाही. डॉ. यशवंत यांचे अकाली निधन झाले, कुटुंब दारिद्र्यात लोटले गेले आणि राहते घर विकण्याची पाळी आली. घर गेले की कपाट जाते आणि कपाटाबरोबर कागद. कोणी मुद्दाम नष्ट केले असे मानण्याची गरज नाही. गरिबी पुरेशी असते.

फुले घराण्यापुरते हे मर्यादित नाही. जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ चे. ते प्रथम छापले गेले १९७९ मध्ये, म्हणजे १२४ वर्षांनी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले आणि विस्मृतीत गेले. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. सावित्रीबाईंच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध आज वाचता येतो तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला म्हणून. त्या नियतकालिकाचे अंक मिशनच्या ग्रंथालयांत राहिले. मुलीच्या घरी काही राहण्याचा प्रश्नच नव्हता. अर्थात जे छापले गेले, किंवा ज्याला संस्थेचे छत मिळाले, ते वाचले. मराठवाड्यातही हेच दिसते. अंबाजोगाईच्या दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी टिकली, कारण ती देवघरात होती आणि पूजेची वस्तू झाली होती. शाळा चालविणाऱ्या बाईच्या वहीला तसे देवघर नव्हते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात मोडी वाचू शकणारी माणसे अजून आहेत आणि जुन्या वाड्यांतील ट्रंकांमध्ये पत्रे, हिशेबाच्या वह्या, बायकांनी उतरवून ठेवलेली गाणी, ओव्या, व्रतकथा अजून आहेत. त्यातील पुष्कळसे साहित्यदृष्ट्या सामान्य असणार, हे मान्यच. पण १८५६ मध्ये नायगावहून पाठविलेले पत्रही टपालात टाकताना एक घरगुती पत्रच होते. महाविद्यालयाच्या मराठी व इतिहास विभागांनी मिळून अशा कागदांची छायाचित्रे घेणे, कोणाच्या घरातून मिळाले, कोणत्या लिपीत आहे, नक्कल कोणी केली याची नोंद ठेवणे आणि मूळ कागद मालकाकडेच सुखरूप ठेवणे, एवढे काम मोठ्या अनुदानाशिवायही होऊ शकते. छायाचित्र आधी आणि लिप्यंतर नंतर, हा क्रम मात्र सोडू नये. कारण लिप्यंतर चुकले तर पुन्हा करता येते, वाळवी लागलेला कागद पुन्हा मिळत नाही.